मापाचे ब्लाउज

काकू वाकली आणि कोपऱ्यातला रखवालदार लगेच पुढे आला. "मॅम, प्लीज स्टेप बॅक." काकू मागे सरली, पण जेमतेम बोटभर. डॅलसच्या संग्रहालयात सध्या विलायती कपड्यांचं प्रदर्शन लागलंय, आणि तिथल्या एका राखाडी कोटाची बाही काखेत कशी बसवलीय ते तिला आतून बघायचं होतं. "बाहेरून काय गं, सगळंच चांगलं दिसतं," ती म्हणाली. मला मात्र तिथून निघायचं होतं. पुढच्या दालनाबाहेरचा फलक मी वाचला होता. आत लंडनच्या एका जुन्या शिंप्याकडचे कागदी साचे टांगले होते. काकू तिथे पोचायच्या आत तिला कॉफीला खाली न्यायचं, असा माझा बेत होता.

माझा पाय एका जागी ठरत नाही, अशी आईची जुनी तक्रार आहे. पण त्या दिवशी कारण वेगळं होतं. चौदा वर्षांपूर्वी मी काकूचं एक नुकसान केलं होतं. त्याबद्दल मी एकदाही बोलले नव्हते आणि तिनेही कधी विषय काढला नव्हता. तिने काढला नाही, याचाच मला जास्त त्रास व्हायचा. प्लेनोच्या माझ्या घरून काकूकडे अर्विंगला जायचं म्हटलं की अर्ध्या तासाच्या हायवेवर मी दर वेळी मनात वाक्यं जुळवायचे आणि तिने दार उघडलं की पोह्यांना छान वास सुटलाय, एवढंच बोलायचे.

आणि आता त्या दालनात लोकरीचा वास होता. कोरड्या, इस्त्री फिरलेल्या लोकरीचा. तो नाकात गेला आणि मी पुन्हा एकोणीस वर्षांची झाले.

मला लंडनला जायचं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, शेजाऱ्यांना माहीत होतं, कोथरूडच्या आमच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा माहीत होतं. अकरावीपासून मी चौकड्यांच्या कापडांचे तुकडे वहीत चिकटवत होते आणि मला नावंही पाठ होती, कुठली चौकडी कुठल्या डोंगराळ भागातली वगैरे. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लंडनला आपलं कोण आहे?" कोणी नव्हतं. अर्विंगला मोहनकाका होता. झालं! विलायती फॅशन शिकायला निघालेली मुलगी टेक्ससमध्ये येऊन उतरली, कारण तिथे तिचा काका होता. हे आपल्याकडेच होऊ शकतं.

अर्विंगचा मी मनापासून राग केला. त्या तपकिरी अपार्टमेंटचा, पत्र्याखाली ओळीने उभ्या गाड्यांचा, दर चार मिनिटांनी डोक्यावरून विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानांचा. विमान आलं की फोनवरचं बोलणं आपोआप थांबायचं आणि ते गेलं की तिथूनच पुढे सुरू व्हायचं. संध्याकाळी किराणा दुकानाबाहेरच्या झाडांवर शेकडो काळे पक्षी जमायचे आणि गंजलेली बिजागरी करकरावी तसे ओरडायचे. महिन्यातून एकदा, बुधवारी भर दुपारी, वादळाचा भोंगा नीट वाजतोय ना हे बघायला तो वाजवत. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी टेबलाखाली शिरले होते. काकू भेंडी चिरत म्हणाली, "बाराला दोन मिनिटं आहेत अजून. हे लोक नेहमी पुढेच." आज यातलं एखादं जरी कानावर पडलं तरी मी हातातलं सोडून ऐकत राहते. तेव्हा मात्र मी सगळ्यावर कानात इअरफोनची बोंडं घालून लंडन ओतत होते.

दुपारचे बारा म्हणजे लंडनचे संध्याकाळचे सहा. तिथल्या रेडिओवर त्या वेळी नव्या पोरांची गाणी लागत. गॅरेजमध्ये नाहीतर बहिणीच्या खोलीत रेकॉर्ड केलेली, अर्धी बेसुरी, सर्दी झाल्यासारख्या आवाजातली. मला ती फार आवडत. बेसचा नुसता ठोका आणि त्यावर कोणीतरी बसथांब्याबद्दल काहीतरी पुटपुटतंय. एकदा काकूने माझं एक बोंड काढून स्वतःच्या कानात घातलं, थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "हा मुलगा गातोय की आईची आठवण येतेय त्याला?" मी चिडले. आता वाटतं, त्या गाण्याचं याहून नेमकं परीक्षण मीही कधी लिहिलं नाही.

कपड्यांचं तर विचारूच नका. चौकड्यांचा लोकरी स्कर्ट, जाड तळव्यांचे बूट, शाळेच्या गणवेशासारखा ब्लेझर. काका सकाळी गाडीची किल्ली फिरवत म्हणायचा, "अगं, बाहेर एकशे चार डिग्री आहे यार. मला बघूनच चक्कर येतेय." काकूचं पालुपद एकच, घामोळं येईल. यायचंच. पण कॉलेजमध्ये एसी इतका गार की आत शिरल्यावर ब्लेझरची बटणं लावावी लागत. टेक्ससमध्ये लंडनची हवा फक्त इमारतींच्या आत मिळते, हा माझा त्या काळातला मोठा शोध होता.

काकूचं खरं राज्य म्हणजे बेडरूममधलं क्लॉझेट. माणूस आत शिरू शकेल एवढं ते मोठं, त्यात एक मशीन, एक बल्ब आणि भिंतीला खिळे. नाशिकला ती बँकेत होती. लग्नानंतर इथे आली ती नोकरीची मुभा नसलेल्या व्हिसावर, आणि मग ब्लाउज शिवायला लागली. शनिवारी बायका यायच्या, काकूच्या हातात एकेक डबा द्यायच्या, चकली, भरली वांगी, कोणी नागपूरची असली तर कोथिंबीर भरलेली सांबारवडी, आणि डब्याखालून एक मऊ पडलेला, रंग उडालेला ब्लाउज पुढे करायच्या. हा मापाचा. काकूकडे टेप होता, पण टेपावर तिचा विश्वास नव्हता. "टेप शरीर मोजतो. बाई कशी बसते, कशी वाकते, ते तिच्या जुन्या ब्लाउजला माहीत असतं." त्यातला प्रत्येक ब्लाउज गावाकडच्या कुठल्यातरी शिंप्याने शिवलेला असे, आणि तो आता कुणालाच होत नसे. त्यावर सूचना मात्र ठरलेल्या. "दंडात अर्धा इंच सोड. छातीत एक. नाही गं, दोनच सोड, खोटं कशाला बोलू."

मी दारात बूट आपटत उभी असायचे आणि नाक मुरडायचे. कटोरी, टक्स, हुका, अस्तर! माझ्या डोक्यात खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एका रेषेत उतरणारे कोट होते. पण मला कॉलेजात बाही बसेना तेव्हा मांजरपाटाचा तो फसलेला नमुना काकूनेच उसवला, दातात दोरा धरून, दहा मिनिटांत. "कोट काय नि ब्लाउज काय, काख ती काखच," ती म्हणाली. त्या नमुन्याला मला वर्गातले सगळ्यात जास्त गुण मिळाले. हे मी तिला सांगितलं की नाही, आठवत नाही. बहुतेक नाहीच.

याच काळात मी पुण्याच्या एका वर्तमानपत्राच्या शनिवार पुरवणीत लिहायला लागले. विषय माझाच, विलायती पेहराव, तिथली प्रदर्शनं, तिथलं नवं संगीत. टोपणनाव घेतलं 'टाचणी'. पहिला लेख छापून आला तर खाली संपादकांनी घातलं होतं, टाचणी, लंडन. मी बाबांना फोन केला की हे दुरुस्त करायला सांगा. बाबा हसले. "राहू दे गं. लंडन बरं दिसतं. अर्विंग म्हटलं की आधी ते कुठे आहे हे समजावून सांगावं लागेल." मला तरी कुठे दुरुस्त करायचं होतं? उलट त्या एका शब्दाने मला अख्खं शहर मिळालं. संग्रहालयांच्या वेबसाइटवर फोटो बघायचे आणि त्या दालनांतून चालून आल्यासारखं लिहायचं. दाराशी ओली छत्री ठेवल्याचंसुद्धा मी लिहिलंय. बाहेर बघावं तर गाड्यांचे बॉनेट उन्हात तापून निघालेले असत.

त्यासाठी वाचताना मला कळलं की लंडनचे जुने शिंपी गिऱ्हाइकाचा कागदी साचा फेकत नाहीत. जाड तपकिरी कागद, त्यावर नाव, आणि वर्षं जातील तसतशा त्यावर नव्या रेघा. माणूस जाडावला, एका खांद्यात झुकला, सगळं त्यावर चढत जातं. मी हे जेवताना फार थाटात सांगितलं. काका फोनमध्ये बघत होता. नऊ वर्षांची ईशा, त्यांची मुलगी, म्हणाली, "दॅट्स काइंड ऑफ क्रीपी." काकूचा घास हातातच राहिला.

"अगं, म्हणजे आमचे मापाचे ब्लाउजच की," ती म्हणाली.

पुढचे दोन महिने ती वेगळीच बाई होती. तिने एकेकीला फोन केले. गणपतीत इथलं मराठी मंडळ शाळेचा हॉल घ्यायचं, त्याला लागून एक छोटी खोली होती, ती तिने मागून घेतली. मंडळाच्या समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, गणपतीच्या शेजारी ब्लाउज काय टांगायचे? बरं दिसतं का?" काकू म्हणाली, "धुतलेले आहेत." झालं, वाद संपला. एकतीस ब्लाउज आले. दोऱ्या बांधल्या, लाकडी चिमटे लावले, आणि प्रत्येकाखाली एक कार्ड. कुणाचा, कुठल्या गावी शिवला, शिंप्याचं नाव काय, आणि तेव्हापासून किती इंच सोडले. मराठी कार्डं काकूने लिहिली, खालचं इंग्रजी ईशाने, रंगीत पेनांनी. मी इस्त्री केली, नाइलाजाने, एक डोळा घड्याळावर ठेवून.

त्या खोलीतला वास मला आजही येतो. डांबराच्या गोळ्या, शेजारून येणारा उदबत्तीचा धूर, आणि इस्त्रीखाली तापलेलं जुनं कापड. बायका आत येताना हसत होत्या, एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. बाहेर जाताना बहुतेक जणी दारातून वळून पुन्हा आपल्या ब्लाउजाकडे बघत होत्या. एक जण तिच्या ब्लाउजासमोर इतका वेळ उभी राहिली की तिचा नवरा ताट घेऊन शोधत आला. सांगलीच्या त्या शिंप्याचं दुकान बंद झाल्याचं तिला आदल्याच आठवड्यात कळलं होतं. काकू दारात उभी होती, हिरवी साडी, हातात जास्तीचे चिमटे. मी तिला इतकी ताठ उभी राहिलेली त्याआधी बघितली नव्हती.

हॉलमधून परतताना गाडीत तिने मला विचारलं, "तुझ्या पुरवणीत लिहिशील का गं याच्यावर? आई वाचते ती, नाशिकला. शब्दन् शब्द वाचते."

तिच्या आईचा शनिवारी सकाळी फोन यायचा आणि त्यात एक प्रश्न ठरलेला असायचा. बँकेतली नोकरी सोडून तिकडे बसून करतेस काय? काकू दर वेळी म्हणायची, असतं काही ना काही. आता तिला ते आईला छापलेलं दाखवायचं होतं. मी म्हटलं, लिहिते की, त्यात काय. तिने लगेच आईला कळवूनही टाकलं. काय येणार ते सांगणार नाही, पण पुरवणीवर लक्ष ठेव.

मी लिहायला बसले आणि अडकले. अर्विंग लिहावं तर लंडन खोटं पडत होतं. ओली छत्री खोटी, ती दालनं खोटी, तीन वर्षं लिहीत आलेली मी खोटी. दोन दिवस खुर्चीतून उठत-बसत राहिले. मग मी ते प्रदर्शन उचललं आणि लंडनला नेलं. तिथलं एक उपनगर, एका चर्चचं तळघर, आणि 'तिथल्या एक गृहिणी'. बाकी सगळं होतं तसं ठेवलं, दोऱ्या, चिमटे, कार्डं, सोडलेले इंच. मला वाटलं, प्रदर्शन तर छापून येतंय ना! काकू आईला फोनवर सांगेलच की ते आपलंच. असं मला खरंच वाटलं होतं की तसं वाटून घेणं सोयीचं होतं, ते आता चौदा वर्षांनी सांगता येत नाही. काकूला मी एवढंच म्हटलं की पाठवलाय, येईल.

आला. शनिवारची सकाळ, मी टेबलाशी दुधात सीरियल घालून बसले होते. काकू पोळ्या लाटत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"शुभा, बघितली गं पुरवणी. तुझं काही नाही त्यात."

"नीट बघ ना आई."

"दोनदा वाचली. पण एक फार छान आलंय. लंडनची कोणी बाई आहे, घरीच असते तुझ्यासारखी. तिने बायकांचे मापाचे ब्लाउज गोळा करून प्रदर्शन मांडलं. चिमट्यांनी लावले म्हणे, खाली शिंप्यांची नावं. वाचताना मला आपल्या गल्लीतला दत्तू शिंपी आठवला. बघ, याला म्हणतात डोकं. तुला नाही सुचलं असं काही?"

काकूचं लाटणं थांबलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने नाही. शिवण उसवायच्या आधी ती कापडाकडे बघायची, तसं. वरून एक विमान गेलं आणि फोनमधला आवाज बुडाला. ते गेल्यावर काकू म्हणाली, "छान आहे हो आई. जमलं तर मी पण करेन." मग मला म्हणाली, "दूध गार होतंय, संपव."

त्यानंतर मी पुरवणीत आणखी दोनच लेख लिहिले आणि काहीतरी निमित्त सांगून थांबले. शिक्षण संपलं, नोकरी प्लेनोला लागली. मी आता इस्पितळातल्या नर्सबाईंचे कपडे डिझाइन करते, खिसे किती आणि कुठे यावर आमच्या तासतास मीटिंगा होतात. लंडनला मी अजूनही गेलेली नाही. ईशा सिअॅटलला असते. नाशिकची आजी त्या फोननंतर तीन वर्षांनी गेली. मंडळात बायका दर गणपतीत काकूला विचारायच्या, पुन्हा करू या ना ते ब्लाउजचं. काकू म्हणायची, पाठ दुखते.

तर काकूला कॉफीला न्यायचा माझा बेत फसला. मी फोनमध्ये बघतेय तोवर ती त्या दालनात शिरलीसुद्धा. छतापासून टांगलेले तपकिरी कागद, प्रत्येकाला वर भोक, त्यातून सुतळी, आणि मधोमध शाईने कुणाकुणाची नावं. एसीच्या वाऱ्याने ते जरा हलत होते. काकू हात मागे बांधून एकेकासमोर थांबत होती. एका साच्याच्या पोटाशी रेघांवर रेघा होत्या. "सुटलाय अगदी," ती हसून म्हणाली. मला ते हसू सहन होईना.

"काकू, तो माझा लेख..."

"लंडनच्या बाईचा?" तिने वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणजे तिच्या मनातही ते याच नावाने होतं.

"माझं चुकलं."

"चुकलंच."

मी इतकी वर्षं जुळवलेलं एकही वाक्य त्यापुढे टिकलं नाही. मी विचारलं, "तू आजीला सांगितलं का नाहीस, की ते तुझंच आहे?"

"तोंड उघडलं होतं मी. मग वाटलं, विश्वास नाही बसणार तिचा. छापलेलं होतं ना, लंडन म्हणून. मी आपली तिला चांगलं काही दिसलं की लगेच 'माझंच' म्हणणारी ठरले असते."

"मग परत का नाही केलंस? पाठ दुखते म्हणायचीस ते..."

"करून काय? तिला कळलं असतं तर म्हणाली असती, त्या लंडनच्या बाईचं बघून का होईना, केलं पोरीने. ते नको होतं मला." ती पुढच्या साच्याकडे सरकली. मला वाटलं, झालं बोलून. पण तिने पर्समधून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ बोटाने फोटो मागे मागे सरकवत राहिली. "आई गेली तेव्हा दादाने तिचं कपाट आवरलं. हे सापडलं म्हणून पाठवलं त्याने मला. त्याला काय माहीत, काय आहे ते."

पुरवणीचा तो लेख होता. कात्रीने नीट, कडा सरळ ठेवून कापलेला, चार घड्यांचा. वर समासात पेन्सिलीने, आजीच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, "शुभा आली की तिला दाखवायचं."